वयनी, कपाटांना पुन्हा कुलुपं लागली

वयनी,

तुझ्या शोकसभेत मी बरा बोललो, असं गावात सगळेच म्हणतायत. परवा बाजारात नारळवाल्याने थांबवून सांगितलं, डोळ्यांत पाणी आलं म्हणाला. तू असतीस तर विचारलं असतंस, "बोललंस ता आयकलंय. केलंस काय ता सांग." तेच सांगायला बसलोय. आणि हे तुझ्यासमोर बसून सांगावं लागत नाही, याचं मला जरा बरं वाटतंय. यावरूनच ओळख, काय झालं असेल ते.

आपल्या गावच्या वाचनालयाच्या कपाटांना पुन्हा कुलुपं लागली. तुझ्या फोटोला हार घातला त्याच संध्याकाळी. आणि त्याला मी होकार दिला. नुसती मान हलवून नव्हे, मोठ्याने दिला.

पेपरात तुझ्याविषयी चार ओळी आल्या. मालवणच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल, गावोगावच्या ग्रंथपालांना शिकवणाऱ्या, आणि शेवटी 'मनमिळाऊ स्वभावाच्या'. मी त्या दादाला वाचून दाखवल्या. तुझा नवरा आणि माझा थोरला भाऊ असल्यामुळे त्याने दोन्ही बाजूंनी विचार केला असणार. म्हणाला, "ह्या खंयच्या बाईचा छापल्यानी?" त्यानंतर त्याने पेपर बघितलेला नाही. शोकसभेलाही आला नाही.

मनमिळाऊ तू नव्हतीसच. निदान माझ्याशी तरी नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी हायस्कुलात शिकत होतो आणि माझी पुस्तकं चुलीजवळच्या फळीवर तेलाच्या बाटलीशेजारी असायची. तू ती उचललीस, पुसलीस आणि विचारलंस, "ही कोणाची रे, बाळग्या? वाचतंस की तळून खातंस?" तेव्हापासून मी तुझा बाळग्या, आणि तुझं ऐकून गावाचाही. फक्त रागावलीस की 'भावजी' आणि 'तुमी'. माझ्या आयुष्यात मान मिळाला तो तेवढाच.

मी त्याच हायस्कुलात कारकून होऊन बरीच वर्षं झाल्यावरची गोष्ट; आपला जिल्हा रत्नागिरीपासून नुकताच वेगळा झाला होता. सरकारी कागदावर नवं नाव लिहिताना आमच्या हायस्कुलाच्या कचेरीतही पेन अडखळायचं. त्याच सुमाराला तू तालुक्यातली एकेक वाचनालयं बघायला निघालीस. आपल्या गावचं वाचनालय म्हणजे देवळाशेजारची खोली, तिची रस्त्याकडची खिडकी, आणि खिडकीमागे मानद कार्यवाह म्हणून मी. शाळेत मी कारकून. पण संध्याकाळी त्या खिडकीत बसलो की मला मामलेदार झाल्यासारखं वाटायचं. लोक बाहेर उभे राहून पुस्तकाचं नाव सांगायचे, मी जुडग्यातली चावी निवडायचो, कपाट उघडायचो, पुस्तक काढायचो, कपाट बंद करायचो. हे सगळं मी सावकाश करत असे.

तू आत आली नाहीस. बाहेर रांगेत उभी राहिलीस. तुझा नंबर आला.

"काय व्हया?" मी विचारलं. घरातलं माणूस म्हणून हसलोसुद्धा नाही. कामाच्या वेळी मी काटेकोर.

"काय आसा ता बघून सांगतंय."

"बघूचा नाय. नाव सांगूचा."

"नाव ठावक नाय तेणी काय करूचा?"

"ठावक करून येवचा."

तू निमूट निघून गेलीस. मला वाटलं, नियम पटला. घरी आलो, पानावर बसलो, तू आमटी वाढलीस आणि म्हणालीस, "भावजी." माझा हात तिथेच थांबला. "तुमचा वाचनालय बघलंय. कोण येता ता तुमी वहीत लिवतास. कोण येणा नाय, ता खंय लिवतास?"

मी म्हटलं, जो येत नाही त्याचं काय लिहिणार.

"मगे तुमका वाचनालय चलवूक येणा नाय. राखूक येता."

दुसऱ्या दिवशी तू मला आवडाकाकीच्या घरी नेलंस. काकी आपल्या शेजारची. तिचा घोव मुंबईला. दुकानातून चणे आणले तर चणे पोरांना आणि पुडीचा कागद तिला, इतकी वाचायची हौस. मला ते ठाऊक होतं, आम्ही त्याच्यावर हसायचो. तू तिला विचारलंस, वाचनालयात का येत नाहीस गो? काकी माझ्याकडे बघून आधी लाजली. मग म्हणाली, "खिडकीर बापये उभे आसतत. तेंच्या घोळक्यात जावन मोठ्यान नाव सांगूचा? आणि माका नाव कोण सांगतला?"

  त्या वेळी मला राग आला होता तो तुझा नव्हे, काकीचा. पुरुषांची गर्दी म्हणून बाईला येता येत नाही, असं माझ्या खिडकीविषयी कोणी बोलावं हे मला सहन झालं नाही. बघ कसा माणूस होतो मी.

मग मे महिन्यातला तुझा वर्ग. तू मला त्यात बसवलंस. देवबाग, जामसंडे, सावंतवाडीकडची पोरं-पोरी, मालवणच्या शाळेची कौलारू खोली, बाहेर फणस पिकलेले, आणि शेवटच्या बाकावर केस पिकायला लागलेला मी. वर्गात तू शुद्ध मराठी बोलायचीस. "ग्रंथपालाचं पहिलं काम पुस्तक सांभाळणं नव्हे, वाचक सांभाळणं," असं फळ्याकडे पाठ करून म्हणायचीस, आणि मला वाटायचं हे सगळं माझ्या खिडकीलाच उद्देशून आहे. तसं ते असायचंच.

वर्गीकरण शिकवलंस तेव्हाची माझी फजिती अख्ख्या वर्गाला पाठ झाली. काजूवर पडणाऱ्या रोगांचं पुस्तक मी वैद्यकात घातलं. रोग म्हटल्यावर वैद्यक, माझा हिशेब सरळ होता. तू शुद्ध मराठी सोडलीस. "आता काजूचा झाड बैलगाडीत घाल नि दवाखान्यात ने. डाक्टराक सांग, जीभ बघ." जामसंड्याची ती सुमन इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. परीक्षेत मी काठावर पास झालो. घरचा म्हणून तू मला काहीही सोडलं नाहीस, आणि आता मी ते कौतुकाने सांगतो; तेव्हा मात्र आठवडाभर तुझ्या हातचा चहा प्यालो नव्हतो. तुला ते कळलंही नाही, कारण तू चहा विचारलाच नव्हतास.

पण पावसाळ्यानंतर पुस्तकांना ऊन कसं दाखवायचं ते तू शिकवलंस. सुटलेल्या पानांना खळ कशी लावायची, बांधणी कुठे सैल होते, हाताला कसं कळतं, ते शिकवलंस. पुस्तक हे उघडायचं असतं आणि त्यामुळे ते झिजणारच, हे मला चाळिशीनंतर कळलं. तुझ्यामुळे कळलं. हे कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

कपाटं उघडायचा ठराव झाला तो तुझ्यामुळेच. समितीचे अध्यक्ष आबा, गावचे मानकरी. त्यांनी आपल्या वडिलांची पुस्तकं वाचनालयाला दिलेली, त्यामुळे त्यांचा जीव त्यात. तू त्यांच्या पडवीत बसून त्यांना पटवलंस, "आबा, कुलपात चोर जाणा नाय ता खरा. पण वाळवी जाता. तिका चावी लागणा नाय." आबा हसले आणि म्हणाले, बघूया एक वर्ष. कपाटं उघडी झाली. खिडकी बंद, दार उघडं, लोकांनी आत यायचं, हाताने पुस्तक काढायचं, चाळायचं, परत ठेवायचं. मालवणचा तुझा वर्ग दर वर्षी हे बघायला यायचा आणि तू पोरांना सांगायचीस, हा नमुना. नमुना म्हणजे कपाटं की मी, हे तू कधी स्पष्ट केलं नाहीस.

आवडाकाकी पहिल्या दिवशी दारातच उभी राहिली. मग आत आली, एका कपाटापुढे बसकण मारली आणि संध्याकाळची दिवाबत्ती विसरली. तिच्यामागून बाकीच्या बाया आल्या.

आपला वाद मात्र चालू राहिला. मी म्हणायचो, पुस्तकं जातील. तू म्हणायचीस, काही जातील. मी म्हणायचो, मग जबाबदार कोण? तू म्हणायचीस, "पडताळणी होवंदे. मगे बोलूया." पडताळणी झाली तेव्हा तू ओरसच्या दवाखान्यात होतीस. पुस्तकं गेलीच होती, वयनी. थोडीथोडकी नव्हे. आबांच्या वडिलांचीही त्यात होती. मी तो निकाल खिशात घालून तुला बघायला आलो. तू विचारलंस, "पडताळणी झाली?" मी म्हटलं, "बाकी आसा." तू थकून डोळे मिटून पडून राहिलीस. जिंकलेला वाद घेऊन मी दवाखान्यात आलो आणि तसाच परत नेला. तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला सांगत होतो. आता वाटतं, सांगितलं असतं तर तू त्या खाटेवरूनही मला उत्तर दिलं असतंस, आणि ते उत्तर आज माझ्याजवळ असतं. आता मी नुसता जिंकलोय, आणि हे जिंकणं घेऊन जाऊ कुठे?

आता ती सभा.

तेरावं झाल्यावरचा दिवस. वाचनालयात सतरंजी, तुझा फोटो, उदबत्ती. मी बोललो. खिडकीची गोष्ट सांगितली, काजूची सांगितली, लोक हसले, मग रडले. मी खाली बसलो तेव्हा, खोटं कशाला बोलू, मनातून जरा फुललेला होतो. मग आबा उठले.

आबांना भाषण येत नाही, गाऱ्हाणं येतं. देवळात नारळ ठेवून देवाला साकडं घालायचं ते त्यांनीच, आणि आम्ही जमलेल्यांनी त्यांच्या एकेका वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. फोटोपुढे हात जोडल्यावर त्यांची गाडी त्याच चाकोरीत गेली.

"बा देवा म्हाराजा, ही जी गुणाची बाय आमच्यातसून गेली, तिच्या आत्म्याक शांती दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही.

"तिना ह्या वाचनालय वाढवल्यान, ता असाच वाढान दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जी पुस्तका गेली ती गेली. ऱ्हवली ती आजपासून कुलपात नीट सांभाळून ठेवची बुद्धी ह्या लेकरांका दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

माझा आवाज भाषणाने तापलेला होता. सगळ्यांच्या वर तोच ऐकू आला. तोंडातून शब्द गेला आणि मग त्याचा अर्थ डोक्यात आला. तेव्हा थांबवता आलं असतं. "आबा, ह्या गाराणा न्हय, ह्यो ठराव आसा," एवढं म्हणायचं होतं. पण नुकतेच सगळे माझ्या बोलण्याने रडले होते, आबांचे डोळे भरलेले होते, आणि मला वाटलं आत्ता कुठे बोलायचं, बरं दिसणार नाही. बरं दिसणं मला नेहमीच फार महत्त्वाचं वाटत आलंय. आबांनी तिथेच कुलुपं मागवली, लावली आणि जुडगा माझ्या हातात ठेवला. "तुझ्या वयनीची आठवण. तूच सांभाळ." मी वाकून घेतला.

त्यात तुझ्याविरुद्ध कोणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आबा तर मनापासून रडले. तुझी आठवण म्हणून तुझं काम बंद करावं, हे आम्हा सगळ्यांना एकाच वेळी अगदी योग्य वाटलं.

दोन-तीन दिवसांनी आवडाकाकी आली. कपाटांपुढे उभी राहिली. मी म्हटलं, "काकी, खंयचा पुस्तक व्हया? चावी आसा माझ्याकडे."

"नको रे. नाव ठावक नाय माका. बघूक इल्लंय."

तुझ्या फोटोला तिने हात जोडले, चपला घातल्या आणि गेली. माझी चूक तिने काढली नाही, टोमणा मारला नाही. मारला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो.

तुझा वर्ग या वर्षी सुमन घेतेय. तीच, काजूवर हसलेली. तिचा निरोप आला, बाईंचा नमुना दाखवायला पोरांना घेऊन येते. मी कळवलं, घरात अजून सुतक आहे. तेरावं होऊन गेल्यावर सुतक कसलं, हे तिलाही कळतं. तिने उलट काही विचारलं नाही. तुझी विद्यार्थिनी तुझ्यापेक्षा मनमिळाऊ निघाली, आणि मला त्याची अधिकच लाज वाटली.

आणि मग इतिवृत्त. सभेचं इतिवृत्त कार्यवाहानेच लिहायचं, त्यातून सुटका नाही. मी पेन घेऊन बसलो. 'बहुमताने मंजूर' असं लिहायचा मोह झाला. एवढा एक शब्द घातला की विरोध करणारा कोणीतरी होता असं दिसलं असतं, आणि तो मी असू शकलो असतो. पण वर्गात तूच म्हणायचीस की इतिवृत्त म्हणजे सभेत व्हायला हवं होतं ते नव्हे, झालं ते. तेव्हा झालं ते लिहिलं. 'ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली माझी सही. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात. त्या पानावर ते फारच चांगलं आलंय.

त्याच पानाखाली मी नव्या सभेचा विषय लिहिला. कुलुपांच्या ठरावाचा फेरविचार. सूचक मी. अनुमोदकाची जागा कोरी. चार जणांकडे गेलो. सगळे म्हणाले, वयनींच्या नावाने झालेली गोष्ट मोडायची कशी? शेवटी दादाकडे गेलो. शेवटी गेलो, कारण त्याला सगळं सांगावं लागणार हे ठाऊक होतं.

दादा खळ्यात आंब्यांच्या पेट्या भरत होता. मी शेजारी बसून गवत पुढे करायला लागलो.

"दादा, एक ठराव मांडूचो आसा. अनुमोदक व्हयो."

"कसलो?"

मी सांगितलं. तो आंबे लावत राहिला.

"कुलपां कोणी घातली?"

"सगळ्यांनी मिळान."

"तू खंय होतंस?"

"थयच. पुढच्या सतरंजीर."

"नि काय म्हटलंस?"

मी सांगितलं. दादाने हातातला आंबा पेटीत ठेवला, परत काढला, दुसरीकडे ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. 

"मोठ्यान?"

"मोठ्यान."

त्याने गवताचा थर घातला आणि म्हणाला, "मी सभासद तरी आसंय काय?"

"आसस. वयनीन केल्लो."

"मी तर एक पुस्तक कधी हाडूक नाय."

"तू नाय हाडलंस. तुझ्या नावार ती न्हेय. आपल्या नावाची दोन झाली की तिसरा तुझ्या नावार."

वयनी, नियमाच्या बाबतीत तू मला कधी सोडलं नाहीस, आणि स्वतः नवऱ्याच्या नावावर तिसरं पुस्तक नेत होतीस. मी ते नेहमी बघायचो आणि कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू माझं काय केलं असतंस कुणास ठाऊक. दादा हसला. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि मी गवत निवडत बसलो, निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग त्याने नाक पुसलं. "अनुमोदन म्हणजे काय करूचा?"

"मी ठराव मांडलो की हात वर करूचो."

"तू आधी काय बोलतलंस?"

मी तयार केलेलं भाषण सांगायला लागलो. वाचकांचा हक्क, तुझं स्वप्न, असं काहीबाही. दादाने मध्येच थांबवलं.

"ता नको. त्या दिवशी तू काय म्हटलंस, ता पयला सांग. सगळ्यांसमोर. मगे माझो हात."

मी गवत पुढे केलं. त्याने पुढची पेटी ओढली.

आज मी रविवारच्या सभेची नोटीस वाचनालयाच्या दारावर लावली. अनुमोदक म्हणून दादाचं नाव. सुमनलाही कळवलं, पोरांना घेऊन सभेलाच ये. मी खळ लावून मागे वळलो तर आबा मागे उभे. त्यांनी चष्मा वर करून नोटीस सावकाश वाचली. दुखावले होते, तोंडावर दिसत होतं. माझं एरवीचं मन म्हणालं, काहीतरी गोड बोल, वेळ मारून ने.

"बाळग्या," आबा म्हणाले, "त्या दिवशी तूच व्हय म्हटलंस मां? सगळ्यांपरास मोठ्यान?"

"म्हटलंय, आबा. रविवारी पयला ताच सांगतलंय."